'सुदैव' चुकीचं नाही, पण आजी तो शब्द बोलणार नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना तुम्हाला 'गुड लक', 'लकिली' आणि 'शी वॉज लकी' असे तीन प्रयोग भेटले. पहिल्या ठिकाणी आजी परीक्षेला निघालेल्या नातवाला निरोप देते. दुसऱ्या ठिकाणी बस उशिरा येते आणि म्हणूनच ती नातवाला मिळते. तिसऱ्या ठिकाणी आजी गेल्यानंतर तिची शेजारीण तिच्याबद्दल एवढं एकच वाक्य बोलते. तिन्हीकडे तुम्ही 'सुदैव' वापरलंत आणि तुमच्या मैत्रिणीला ते वाचताना खटकलं. आता तुम्हाला 'गुड लक'साठी मराठीतला एकच नेमका शब्द हवा आहे.

मैत्रिणीचा कान बरोबर आहे. पण तिला खटकलेली गोष्ट 'सुदैव' या शब्दात नाही, तिन्हीकडे एकच शब्द ठेवण्यात आहे. मी आधी वर्तमानपत्राच्या डेस्कवर आणि नंतर अनुवादांच्या संपादनात मिळून सव्वीस वर्षं काढली. या काळात नवख्या अनुवादकांच्या हस्तलिखितात 'सुदैवाने' या शब्दाभोवती मी जितक्या वेळा पेन्सिलीने गोल केला असेल, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाभोवती केला असेल. शब्द चांगला आहे, मराठी आहे, शुद्ध आहे. फक्त इंग्रजी 'लक' जिथे जिथे येतं, तिथे तिथे तो बसत नाही.

एक आधीच सांगते. तुमची मूळ कथा मी वाचलेली नाही. आजी कुठली, काळ कोणता, वाचक लहान मुलं आहेत की मोठी माणसं, यावर शेवटची निवड अवलंबून राहील. त्यामुळे मी निवडायचं कसं ते सांगते आणि शेवटी तुमच्या तीन वाक्यांकडे येते.

सुरुवात शब्दांच्या मुळापासून करू या, कारण खटकण्याचं कारण तिथेच आहे. 'भाग्य' हा शब्द 'भाग'वरून आला, आणि 'भाग' हा संस्कृतातल्या 'भज्' धातूवरून. त्या धातूचा एक जुना अर्थ आहे वाटणं, वाटून देणं. विभाग, विभक्त, भागाकार ही सगळी त्याच कुळातली मंडळी. इतकंच काय, आपला 'भात'सुद्धा तिथलाच. 'भक्त' म्हणजे वाटून दिलेलं, म्हणून अन्न, आणि त्यापासून प्राकृतातून 'भात' झाला. आता 'नशीब' बघा. तो अरबीतल्या 'नसीब'वरून फारसीमार्गे आला, आणि 'नसीब' म्हणजेही हिस्सा, वाटा. 'किस्मत'सुद्धा अरबीच, वाटणी या अर्थाच्या धातूवरून आलेली. 'कमबख्त'मधला फारसी 'बख्त' तर आपल्या 'भज्'चा सख्खा नातेवाईक आहे. संस्कृत 'भक्त' आणि फारसी 'बख्त' ही एकाच जुन्या शब्दाची दोन रूपं.

म्हणजे इकडून तिकडून आलेले चारही शब्द एकच सांगतात: तुमच्या पानात काय वाढलं गेलं. आणि आपण रोजच्या बोलण्यात अजूनही म्हणतोच, "तिच्या वाट्याला काय काय आलं!" वाट्याला सुखही येतं, दुःखही येतं. वाटा हा शब्द स्वतःहून चांगला नसतो आणि वाईटही नसतो. 'गुड लक'मधलं 'गुड' आपल्या या नामांमध्ये मुळातच नाही. ते कुठून येतं? ते येतं क्रियापदातून.

नशीब उघडतं, फळफळतं, उजळतं, साथ देतं, जोरावर असतं. तेच नशीब फुटतं, फिरतं, आड येतं. पोरगी चांगल्या घरी पडली की म्हातारी म्हणते, "नशीब काढलंस गं!" आणि कुणी परगावी जातो तेव्हा तो नशीब आजमावायला जातो. उघडण्यात दार दिसतं, फुटण्यात मडकं दिसतं, फळफळण्यात झाड दिसतं. मराठी माणूस नशिबाची चित्रं क्रियापदांतून काढतो. म्हणून 'गुड लक'चा प्रतिशब्द शोधताना कोशात नाम शोधलं की हाती 'सुदैव' आणि 'सद्भाग्य' एवढंच लागतं, आणि दोन्ही पुस्तकी. क्रियापद शोधलं की भाषा मोकळी होते. माझ्या कामाची ही सगळ्यात उपयोगी सवय आहे, म्हणून एवढं लांबवून सांगितलं.

नामं तटस्थ आहेत असं म्हटलं खरं, पण वापरून वापरून प्रत्येकाचा कल ठरून गेला आहे. तो ओळखता आला पाहिजे.

'भाग्य' चांगल्याकडे झुकलेला शब्द आहे. "भाग्य लागतं त्याला!" म्हटलं की काहीतरी उत्तम मिळाल्याचंच बोलणं चालू असतं. वाईट सांगायचं असेल तर 'दुर्भाग्य' किंवा 'अभागी' असं काहीतरी जोडावं लागतं. 'फुटकं नशीब' सहज म्हणतो आपण. 'फुटकं भाग्य' मात्र कानाला बरं वाटत नाही. शिवाय भाग्याला एक मोठेपणा आहे. सोडतीत बक्षीस लागलेला माणूस 'नशीबवान', चांगला गुरू मिळालेला माणूस 'भाग्यवान'. उलटापालट करून बघा, व्याकरण बिघडत नाही, पण पहिल्याला उगाच मोठं केल्यासारखं आणि दुसऱ्याला लहान केल्यासारखं वाटतं. आपल्या राष्ट्रगीतातल्या 'भारतभाग्यविधाता'त मात्र भाग्य म्हणजे एखाद्या दिवसाचं चांगलं नशीब नाही, सगळं भवितव्य आहे. शब्दाचा जुना, रुंद अर्थ तिथे टिकून आहे.

'नशीब' मधोमध आहे, आणि म्हणूनच सगळ्यात कामाचं. त्याची गंमत स्वल्पविरामात आहे. "नशीब, किल्ली सापडली!" यात सुटकेचा निःश्वास आहे. "नशीब आपलं, दुसरं काय!" यात हार मानलेली आहे. एकच शब्द, कुठलंही विशेषण नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला क्षणभरही गोंधळ होत नाही. इंग्रजीतलं 'लकिली' अनुवादताना या पहिल्या, उद्गारवाचक 'नशीब'चा विचार फार कमी लोक करतात. कथेतल्या बोलण्यात तो किती जिवंत वाटतो ते लिहून बघा.

'दैव' हा 'देव'वरून आलेला शब्द, म्हणजे देवांकडचं, देवांनी केलेलं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, साधनं आणि वेगवेगळ्या क्रिया ही चार झाल्यावर पाचवं दैव. माणसाने करायचं ते सगळं केल्यावरही जे त्याच्या हातात उरत नाही, ते. मराठीतही दैव तसंच, माणसापेक्षा मोठं आणि थोडं परकं राहिलं. "दैवाला मान्य नव्हतं", "दैव देतं आणि कर्म नेतं", "दैव नाही ललाटी, पाऊस पडतो शेताकाठी". नुसतं दैव म्हटलं की हतबलतेची सावली पडतेच. 'सुदैव' हा त्या गंभीर शब्दाला 'सु' लावून केलेला शब्द आहे, आणि मूळ शब्दाचं गांभीर्य त्याने सोडलेलं नाही. बस उशिरा आली हे सांगायला देवलोकातून कारण आणलं की वाक्य जड होणारच. तुमच्या मैत्रिणीच्या कानाला जे खटकलं ते बहुधा हे होतं.

'कपाळ' तर जवळजवळ वाईटाकडेच गेलं आहे. सटवाई, म्हणजे षष्ठी, जन्मानंतरच्या सहाव्या रात्री बाळाच्या कपाळावर त्याचं भविष्य लिहून जाते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. लिहिणारी चांगलंही लिहीत असणार. पण भाषेत उरलं ते "कपाळ माझं!", कपाळ फुटणं आणि कपाळकरंटा. 'प्रारब्ध' आणि 'प्राक्तन' यांच्या वाटेला लकच्या अनुवादात शक्यतो जाऊ नका. प्रारब्ध म्हणजे ज्याचं फळ भोगायला सुरुवात झाली आहे असं पूर्वकर्म, धनुष्यातून सुटलेला बाण. त्यात योगायोगाला जागाच नाही, आणि इंग्रजी 'लक' बहुतेक वेळा योगायोगाबद्दल बोलत असतं.

आता 'सुदैवाने'कडे येते. हे क्रियाविशेषण दिसतं साधं, पण त्यात एक डोळा लपलेला असतो. "सुदैवाने घरात कुणी नव्हतं." हे वाक्य छप्पर कोसळलेल्या घराचा मालक बोलू शकतो आणि त्याच घरात शिरलेला चोरही बोलू शकतो. घटना कशी झाली ते हा शब्द सांगत नाही. ती कुणाच्या बाजूने बघितली ते सांगतो.

हे मला डेस्कवरच्या दुसऱ्या वर्षी कळलं. रात्रीची बातमी होती, बस उलटली होती, आणि मी वाक्य लिहिलं होतं, "सुदैवाने या अपघातात एकाच प्रवाशाचा मृत्यू झाला." माझ्या मनात वाचलेले चाळीस जण होते. पाळीवरच्या वरिष्ठांनी कागद परत दिला आणि म्हणाले, त्या एकाच्या घरी हे मोठ्याने वाचून दाखवायचं आहे असं समज आणि वाच. मी ओठांतल्या ओठांत वाचलं आणि शब्द काढला. तेव्हापासून माझा नियम ठरला: 'सुदैवाने' लिहिताना त्या वाक्यात एक जरी माणूस गमावला असेल, तर तो शब्द तिथे ठेवायचा नाही. "सुदैवाने जीवितहानी झाली नाही" हे ठीक आहे, तिथे सगळेच एका बाजूला आहेत. अनुवादात हा नियम आणखी महत्त्वाचा होतो. कथा ज्याच्या डोळ्यांनी सांगितली जाते आहे त्याचं सुदैव की लेखकाचं, हे मूळ इंग्रजी वाक्यात सहज मिसळून जातं. मराठीत 'सुदैवाने' लगेच निवेदकाचा आवाज लावतो.

आणखी एक विषमता लक्षात ठेवा. 'दुर्दैवी घटना' आपण रोज वाचतो. 'सुदैवी घटना' कुणी लिहीत नाही. 'सुदैवी माणूस' चालतं, पण त्याला पुस्तकाचा वास येतो. म्हणजे दोन्ही शब्द जोडीने जन्मले तरी जोडीने वापरात राहिले नाहीत, आणि 'दुर्दैवी'च्या जागी यांत्रिकपणे 'सुदैवी' बसवता येत नाही.

मग बोलताना लोक काय म्हणतात? बहुतेक वेळा "बरं झालं." बरं झालं छत्री घेतली. बरं झालं तू आलास. थोडक्यात निभावलं असेल तर "थोडक्यात वाचला". वेळ अचूक जुळली असेल तर "नेमका": "नेमकं तेव्हाच दार उघडलं." हा 'नेमका' चांगल्या-वाईट दोन्ही योगायोगांना चालतो. नुसत्या योगायोगाला तर आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडल्याची म्हण आहेच. संस्कृतातला काकतालीय न्यायही तेच सांगतो, कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं. अचानक मोठं धन हाती लागलं तर 'घबाड'. हा शब्द पंचांगात एका शुभ योगाचं नाव म्हणूनही आहे. यातल्या एकाही शब्दात 'लक' नाही, आणि यातला प्रत्येक शब्द कुठे ना कुठे 'लक'चा उत्तम अनुवाद आहे.

मला स्वतःला सगळ्यात प्रिय असलेले शब्द मात्र याहून वेगळे आहेत, आणि त्यांच्याबद्दल जरा बोलू द्या. 'हातगुण', 'पायगुण', 'धार्जिणं' आणि 'लाभणं'. डॉक्टरांच्या हाताला गुण येतो तो हातगुण. एखादी व्यक्ती घरात आली आणि भरभराट झाली तर तिचा पायगुण. (हा शब्द जपून वापरा. नव्या सुनेच्या माथी वाईट पायगुण मारून आपल्या समाजाने फार दुःख दिलं आहे, आणि वाचकाला ते आठवल्याशिवाय राहत नाही.) 'धार्जिणं' म्हणजे नशीब एखाद्या विशिष्ट गोष्टीतून अनुकूल होणं: "त्याला नोकरी धार्जिणी नाही, धंदा धार्जिणा आहे." या एका शब्दासाठी इंग्रजीत अख्खं वाक्य लागेल.

आणि 'लाभणं'. "घर लाभलं", "तिला शिक्षक फार चांगले लाभले", "आजोबांचा सहवास लाभला." मिळणं आणि लाभणं यांत केवढं अंतर आहे बघा. पगार मिळतो. सहवास लाभतो. लाभण्यात मिळालेल्याची कृतज्ञता आहे, आपण कमावलेलं नाही हे मान्य करणं आहे. इंग्रजीत 'लकी टु हॅव' असं जिथे जिथे येतं, तिथे तिथे मी आधी 'लाभणं' लावून बघते. बहुतेक वेळा पुढे शोधावं लागत नाही.

आता शुभेच्छांचा प्रकार, म्हणजे तुमचं पहिलं वाक्य. इंग्रजी बोलणारा दुसऱ्यासाठी 'लक' मागतो. मराठी माणूस सहसा नशीब मागत नाही. तो फळ मागतो, किंवा त्या माणसाने काय व्हावं ते मागतो. यशस्वी हो. सुखी राहा. औक्षवंत हो. भलं होवो तुझं. सुमारे 1290 सालच्या ज्ञानेश्वरीचा शेवट ज्या पसायदानाने होतो, त्यातही 'जो जे वांछील तो ते लाहो' आहे. 'लाहणे' म्हणजे मिळणे, वरच्या 'लाभणे'चंच भावंड. सगळ्या जगासाठी मागितलेल्या त्या दानातही मागणं क्रियापदात आहे.

यात दिशाही असते. मोठा माणूस लहानाला आशीर्वाद देतो, 'हो' आणि 'राहा' म्हणतो. बरोबरीचे एकमेकांना शुभेच्छा देतात. लहानाने मोठ्याला 'यशस्वी व्हा' म्हणणं आपल्याला अवघड जातं, म्हणून तो "सगळं नीट होईल, काळजी करू नका" म्हणतो. 'शुभेच्छा' हा शब्द वाईट नाही, पण तो इच्छेचं नाव सांगतो, इच्छा करत नाही. कार्डावर, भाषणात, निरोपाच्या संदेशात तो शोभतो. दारात उभी असलेली आजी "तुला शुभेच्छा" म्हणाली, तर नातू तिच्याकडे वळून बघेल.

बोलण्यातून नशीब सांभाळायची आपली रीतही इथे जोडून येते. 'जातो' म्हणू नकोस, 'येतो' म्हण. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ वाढवतात, फुटलेली बांगडी वाढते. अशुभ शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून जिथे कमी होतं आहे तिथे 'वाढणं' ठेवलं. तुमच्या कथेतली आजी मराठी नसेल, तर हे तिच्या तोंडी घालू नका. पण तिच्या भाषेत अशीच एखादी रीत असेल आणि लेखकाने ती दाखवली असेल, तर तिचं वजन कळायला हे उपयोगी पडेल.

दोन सावधगिऱ्या झटपट सांगते. पहिली, 'सौभाग्य'. हिंदीत 'सौभाग्य से' म्हणजे सुदैवाने, आणि तिथून अनुवादांत, जाहिरातींत 'सौभाग्याने' असं मराठी यायला लागलं आहे. मराठीत सौभाग्य म्हणजे पती हयात असणं. सौभाग्यवती, नावाआधीची 'सौ.', लग्नपत्रिकेतली 'चि. सौ. कां.' हे सगळं त्याच अर्थाचं. "सौभाग्याने बस मिळाली" वाचून मराठी वाचक अडखळेल. दुसरी, लिंग आणि लेखन. नशीब, दैव, भाग्य, सुदैव ही सगळी नपुंसकलिंगी आहेत. "माझा नशीब" ही हिंदीची छाया. आणि नशीब दीर्घ, पण नशिबाने, नशिबात, कमनशिबी ऱ्हस्व. मुद्रितं तपासताना हे हमखास चुकलेलं सापडतं.

तर आतापर्यंतचं एवढं धरून ठेवा: मराठीत नशिबाची नामं मुळात 'वाटा' सांगतात, चांगुलपणा क्रियापदातून येतो, 'सुदैवाने' हा निवेदकाचा आणि थोडा गंभीर शब्द आहे, आणि शुभ मागताना आपण नशीब मागत नाही. यावरून तुमची तीन वाक्यं बघू.

पहिलं, आजीचं 'गुड लक'. कथा आजच्या शहरातली असेल आणि नातू इंग्रजी शाळेतला असेल, तर 'गुड लक' किंवा 'ऑल द बेस्ट' तसंच देवनागरीत ठेवायला माझी हरकत नाही. मराठी घरांत आज आज्याही हेच म्हणतात, आणि जसं बोललं जातं तसं लिहिणं हा अनुवादकाचा कमीपणा नाही. कथा जुनी असेल तर मी आजीला एवढंच बोलू देईन: "नीट लिही हं. चांगला जाऊ दे पेपर." त्या 'जाऊ दे'मध्ये नातवाला सूचना आहे आणि देवाला विनंतीही आहे. आजी दोघांशी एकाच वेळी बोलते. आजी मितभाषी किंवा करारी दाखवली असेल, तर नुसतं "यशस्वी हो".

दुसरं, बसचं 'लकिली'. इथे सगळं निवेदकावर आहे. कथा नातवाच्या मनातून सांगितली जात असेल, तर "नशीब, बस अजून आलेली नव्हती." आजी नंतर आठवणीने सांगत असेल, तर "बरं झालं बाई, बसला उशीर झाला." लांबून सांगणारा, तटस्थ निवेदक असेल, तर "नेमका त्या दिवशी बसला उशीर झाला होता" हे मला पुरेसं वाटतं. हा उशीर चांगला ठरला हे वाचकाला आधीच कळलेलं आहे, ते पुन्हा सांगायची गरज नाही. तुम्हाला 'सुदैवाने'च ठेवायचं असेल तर या तीन वाक्यांपैकी फक्त इथेच, आणि तेही निवेदक प्रौढ, संथ आवाजाचा असेल तरच.

तिसरं वाक्य सगळ्यात अवघड आहे, कारण ते मृत्यूनंतरचं आहे आणि त्यात कशाबद्दल 'लकी' ते सांगितलेलं नाही. शेजारणीच्या मनात काय आहे ते आधी ठरवा. आजीला शांत मरण आलं हे तिला म्हणायचं असेल, तर मराठीत त्यासाठी थेट वाक्य आहे: "हाल न होता गेल्या, भाग्याच्या." आजीचं सगळं आयुष्य सुखाचं गेलं असं म्हणायचं असेल, तर "नशीबवान होत्या." नातवासारखा माणूस शेवटपर्यंत जवळ होता हे म्हणायचं असेल, आणि तुम्ही सांगितलेल्या कथेच्या घडणीवरून मला तसंच वाटतं, तर मी लिहीन: "त्यांना नातू लाभला." मूळ इंग्रजीतली संदिग्धता यात थोडी कमी होते, हे मला मान्य आहे. पण शेजारीण हे वाक्य नातवासमोर बोलत असेल, तर तो ते ऐकून काय करतो हे मूळ कथेत पुन्हा एकदा वाचा. तो मान खाली घालत असेल, तर 'लाभला' ठेवा. तो नुसता हसून दुसरीकडे बघत असेल, तर 'नशीबवान होत्या' बरोबर.